वाचकांचे प्रश्न : कडब्याचे पाणी उकळूनही का नासते?

प्रश्न : शाळेत पाश्चरचा बाकदार नळीचा प्रयोग लावला : हवेतली धूळ नळीच्या बाकात अडकते, म्हणून आतले उकळलेले पाणी नासायला नको. कडबा भिजवून पाणी गाळले, चंबूत पंधरा मिनिटे उकळले. तिसऱ्या दिवशी सरळ नळीचा चंबू गढूळ झाला, आणि बाकदार नळीचाही! कुठे चुकले? (विज्ञान शिक्षक, सोलापूर)

उत्तर : पाश्चरचा करायला गेलात आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, पूशेचा प्रयोग झाला. पूशे वाळल्या गवताचा काढा घ्यायचा. उकळूनही त्यात जीव दिसतात, म्हणजे ते आपोआप उपजतात, असे त्याचे म्हणणे. पाश्चरने साखर घातलेले यीस्टचे पाणी घेतले होते. १८६२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीचे बक्षीस पाश्चरला मिळाले खरे, पण काढ्याचे कोडे सुटले १८७६ मध्ये. गवतावरचा बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू बीजाणू (जाड कवचातले निद्रिस्त रूप) धरतो आणि ते उकळीला दाद देत नाहीत, हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोनने दाखवले. कडबा म्हणजे वाळले गवतच.

कडबा सोडायचा नसेल तर चंबू प्रेशर कुकरमध्ये ठेवा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून ३० मिनिटे. मग शिट्टी उचलू नका, कुकर आपोआप निवू द्या. दाब एकदम उतरला की काढा उसळून नळीत चढतो आणि बाक ओला होऊन प्रयोग बाद होतो. रबरी बूच घट्ट हवे, फटीतून हवा शिरली तर नळी नुसती शोभेची.

कुकरमध्ये चंबू मावत नसेल तर ब्रिटनमधला शास्त्रज्ञ टिंडल याची १८७७ ची युक्ती : सलग तीन दिवस रोज अर्धा तास उकळा. मधल्या काळात उरलेले बीजाणू उगवतात आणि उगवलेला जिवाणू पुढच्या उकळीत मरतो. यासाठी चंबू ऊबदार जागी हवा. फ्रिजमध्ये ठेवलात तर बीजाणू उगवणारच नाहीत.

सर्वांत सोपे म्हणजे पाश्चरचेच पाणी. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम कोरडे यीस्ट उकळून गाळा, ५ ग्रॅम साखर घाला. आठवडाभर नितळ राहिले की चंबू कलंडवून पाणी बाकापर्यंत नेऊन परत आणा. बाकात अडकलेली धूळ त्यात उतरते आणि दोन-तीन दिवसांत ते गढुळते. मुलांना पटते ते इथे. नासलेले चंबू मुलांना उघडू देऊ नका. पुन्हा कुकर लावून मगच ओता.

प्रश्न : वडिलांना धनुर्वात होऊन ते वाचले. आता त्यांना लस कशाला? (वाचक, बार्शी)

उत्तर : हवीच. धनुर्वाताचा जिवाणूही बीजाणूवालाच, मातीत आणि शेणात असतो. मारते ते त्याचे विष, आणि ते इतक्या कमी मात्रेत मारते की शरीराला प्रतिकार शिकायला पुरत नाही. लसीत तेच विष फॉर्मॅलिन या रसायनाने निर्विष करून भरपूर दिलेले असते. वडिलांची लसीची मालिका पूर्ण आहे का, ते डॉक्टरांना दाखवा.