नकली माल विकणाऱ्या छोट्या माणसाचा संघटित गुन्हेगारीशी काय संबंध?

तुमचा प्रश्न असा की डुप्लिकेट माल विकणारा पोटासाठी धडपडणारा साधा माणूस असतो, मग त्याचं नाव टोळ्यांशी का जोडतात. मी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी पेरतो. बोगस बियाण्याचा धंदा दरवर्षी समोर दिसतो, म्हणून त्यावरूनच सांगतो.

मे महिन्यात गावात एक ओळखीचाच पोरगा मोटारसायकलवर येतो आणि ‘चोर बीटी’ हवी का विचारतो. ही तणनाशक मारलं तरी न जळणारी कपाशी, सरकारची मंजुरी नसलेली. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर रोजी परवडत नाही. त्यामुळे लोक घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. कृषी केंद्रातल्या मंजूर बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या कपाशीच्या, ४७५ ग्रॅमच्या थैलीचा कमाल भाव २०२५ साली ९०१ रुपये होता. चोर बीटी त्याहून महाग, वर बिल नाही.

हा पोरगा खरंच छोटा आहे, बहुतेकदा कर्जातही असतो. पण त्याच्या हातातली थैली बघा. कोणीतरी गुजरात, तेलंगणात ते बियाणं पिकवलं. कोणीतरी थैल्या छापल्या, कोणी भरून शिवल्या, कोणी माल पैनगंगेच्या अलीकडे आणला, कोणी गोदाम दिलं, कोणी आगाऊ पैसा लावला. यातला एकही दुसऱ्याचं पूर्ण नाव सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात संघटित टोळीची व्याख्या आहे: तीन किंवा अधिक माणसं, काही काळ टिकलेला गट, फायद्यासाठी ठरवून केलेले गंभीर गुन्हे. बंदूक त्यात अट म्हणून नाही.

जगभर हेच चाललंय. ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अंदाजाने २०२१ मध्ये नकली मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६७ अब्ज डॉलरचा होता. युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या २०२० च्या एकाच मोहिमेत १,३४६ टन बेकायदा कीटकनाशकं पकडली गेली. टोळ्या इकडे वळतात कारण नफा भरपूर आणि धोका कमी. आपल्या १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये! इतर कायद्यांची कलमं लावता येतात, पण तोवर मृग निघून जातो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. पुष्कळदा त्या थैलीत चोर बीटीही नसते. जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातली, साधी सरकी ॲसिडने साफ करून, रंग चढवून भरलेली असते. शेतकरी विश्वासाने तणनाशक फवारतो आणि आठवड्याभरात तणासोबत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीही जळते. आता तक्रार करायची कुठे? बिल नाही, आणि घेतलेली वस्तूच बेकायदा. ठाण्यात गेलो तर आपल्यालाच विचारतील, ही भीती. तो गप्प दुबार पेरणी करतो, त्यासाठी पुन्हा सावकाराकडे जातो. या टोळ्यांचं खरं भांडवल म्हणजे ही गप्प बसण्याची सक्ती, आणि ती त्यांनी धंद्यातच बसवलेली आहे.

जूनमध्ये धाडी पडतात, थैल्यांचे फोटो छापून येतात, पोरगा आत जातो. थैली छापणारा आणि पैसा लावणारा पुढच्या मे महिन्यात दुसरा पोरगा शोधतो. माझ्या मते तपास छपाईपासून उलटा सुरू व्हायला हवा.

तुमच्या घरी शेती असेल तर बिल, रिकामी थैली, तिचं लेबल आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार निवारण समितीचा पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. शेतकरी बियाण्यासाठी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. त्या दारात हाच पंचनामा आणि बिल कामी येतं.