साहेब म्हणाले, ‘डिलीट कर’

प्रश्न : सकाळी सहाला मुंबईच्या फोर्टमध्ये रस्त्यावरचे फोटो काढत होतो. गस्तीवरच्या पोलिसाने ‘परवानगी दाखव’ म्हणून हटकलं आणि समोर उभं करून सगळे फोटो डिलीट करायला लावले. असा नियम आहे का? फोटो परत मिळतील का? (डोंबिवली)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सरसकट परवाना लागतो, असा कायदा नाही. ट्रायपॉड, दिवे, मॉडेल असा लवाजमा घेऊन व्यावसायिक शूटिंग करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

डिलीट करायला लावण्याचा अधिकार तर कोणत्याच कलमात नाही. फोटो गुन्ह्याशी संबंधित असेल तर तो पुरावा ठरतो, आणि पुरावा नष्ट करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे. संबंधित नसेल तर त्याला हात लावायचं कारणच उरत नाही.

मात्र फोर्टमध्ये हटकण्यामागे खरं कारण असू शकतं. लायन गेटला नौदल गोदी सुरू होते. लष्कर, नौदल, हवाई दलाच्या जागा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार थेट ‘निषिद्ध स्थळ’ आहेत. रेल्वे, रस्ते, वीज-पाण्याची केंद्रं मात्र केंद्र सरकारने अधिसूचना काढली असेल तरच त्या व्याख्येत येतात. या कायद्याच्या कलम ३ खालचा गुन्हा ठरायला देशाच्या सुरक्षेला बाधक हेतू लागतो, पण तो हेतू परिस्थितीवरूनही गृहीत धरता येतो. म्हणून गोदीच्या भिंतीकडे लेन्स वळवून हक्कांची चर्चा करू नये. गोदी फ्रेममध्ये नव्हती हे तिथल्या तिथे स्क्रीनवर दाखवलं, तर बहुतेकदा विषय मिटतो.

आता फोटोंबद्दल. डिलीट केल्यावर कार्डावरची फक्त नोंद पुसली जाते. त्या जागेवर नवीन फोटो येईपर्यंत मूळ फाइल तिथेच असते. त्यामुळे त्यानंतर एकही क्लिक करू नका. कार्ड काढा, एसडी कार्ड असेल तर कडेची छोटी कळ ‘लॉक’वर सरकवा. घरी फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि परत आलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर नव्हे. साध्या फॉरमॅटनंतरही बरंच हाती लागतं. सगळं कार्डच पुसणारं ‘लो लेव्हल फॉरमॅट’ केलं असेल तर आशा सोडा.

प्रश्न : मोर्चाचे फोटो काढताना पोलिसांनी कॅमेरा ‘चेक करायला’ घेतला. तो पोलीस ठाण्यात आहे, पावती दिलेली नाही. काय करू? (नागपूर)

उत्तर : ‘चेक करायला’ नावाची कारवाई कायद्यात नाही. एक तर जप्ती, नाही तर वस्तू मालकाकडे. चोरीचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय निर्माण करणाऱ्या परिस्थितीत सापडलेली वस्तू भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार जप्त करता येते, पण ते दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवावं लागतं. शिवाय कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून वस्तूंच्या यादीवर पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

ठाण्यात लेखी अर्ज द्या : कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या कलमाखाली कॅमेरा घेतला आणि पंचनाम्याची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यायला विसरू नका. अर्जात बॉडी आणि लेन्सचे अनुक्रमांक, कार्डाची क्षमता लिहा. नुसतं ‘काळा कॅमेरा एक नग’ असं नोंदलं गेलं, तर परत येताना लेन्स कुठली होती यावर वाद होतो. अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असतो, खरेदीच्या बिलावरही बहुधा मिळतो. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांकडे पाठवा.

जप्ती रीतसर झाली असेल तर मुद्देमाल परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा : खटला सुरू असेल तर कलम ४९७, नसेल तर ५०३. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, कॅमेरा मिळू शकतो. त्याआधी कार्ड लपवू नका. उगाच पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २३८ आपल्याच अंगाशी येईल.

प्रश्न : पोलीस ठाण्यात मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर ‘गुपिते कायदा’ लागतो का? (वर्धा)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की, पोलीस ठाणं या कायद्यातल्या ‘निषिद्ध स्थळा’च्या व्याख्येत येत नाही. औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तीच भूमिका घेतली. तरी भांडत, अंगावर जात चित्रीकरण करू नका. सरकारी कामात अडथळा (न्याय संहिता, कलम २२१) किंवा बळाचा वापर (कलम १३२, हे अजामीनपात्र) ही कलमं तयारच असतात.

प्रश्न : ‘निघ इथून’ म्हटल्यावर निघायलाच हवं का? (पुणे)

उत्तर : जमावबंदी, व्हीआयपी बंदोबस्त, अपघात अशा वेळी निघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार गुन्हे रोखण्याच्या कामात पोलिसांनी दिलेले कायदेशीर निर्देश पाळावे लागतात. नकार दिला तर तुम्हाला हटवता किंवा ताब्यात घेता येतं, आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम नव्हतं, म्हणून अनेक वकील मित्रांच्याही ध्यानात येत नाही. दहा पावलं मागे जाऊन फोटो घेता येतो का, ते बघा.

आवाज न चढवता विचारायचे प्रश्न दोनच : ‘साहेब, मला ताब्यात घेतलंय का?’ आणि ‘कोणत्या कलमाखाली?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर नमस्कार करून चालू लागा. ‘हो’ असेल तर अटकेचं कारण सांगणं (कलम ४७) आणि नातेवाइकाला कळवणं (कलम ४८) त्यांच्यावर बंधनकारक आहे. छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि वेळ तेवढी टिपून घ्या.

प्रश्न : ड्रोन उडवला तर? (ठाणे)

उत्तर : रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचे नियम इथे विसरा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आधी डिजिटल स्काय नकाशावर आपला भाग हिरवा, पिवळा की लाल ते पाहा. शिवाय पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात. तो मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं.