होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मध्ये सातच ग्रह का आहेत? पृथ्वी आणि प्लूटो का नाहीत?

पृथ्वी नाही, कारण इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टने ऑर्केस्ट्रासाठीची, प्रत्येक ग्रहाला एक भाग देणारी ही रचना खगोलशास्त्रावरून नव्हे तर फलज्योतिषावरून केली; आणि प्लूटो तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. पत्रिका मांडतात ती पृथ्वीवरून दिसणाऱ्या ग्रहांची, त्यात पृथ्वी येणार कशी? होल्स्टला हवे होते ग्रहांचे स्वभाव. हे त्याने स्वतःच सांगितलं होतं, आणि भागांच्या उपशीर्षकांतही ते स्पष्ट दिसतं: मंगळ युद्ध आणणारा, शुक्र शांती आणणारी, शनी म्हातारपण आणणारा. मंगळाची सुरुवात जरूर ऐका. व्हायोलिनवाले गजाच्या लाकडाने तारांवर आघात करतात आणि पाच मात्रांचा ठेका हट्टाने पुढे रेटत राहतो. त्या काळी ऑर्केस्ट्रात असं काही ऐकणं किती हादरवणारं असेल! नेपच्यूनमध्ये तर शब्दांविना गाणारा स्त्रियांचा वृंद शेजारच्या खोलीत बसवायचा, आणि शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू लावून घ्यायचं अशी सूचनाच आहे.

रचना १९१४ ते १९१७ मधली, पहिला प्रयोग लंडनला सप्टेंबर १९१८ मध्ये. प्लूटो सापडला १९३० मध्ये. होल्स्ट १९३४ पर्यंत हयात होता, पण त्याने भर घातली नाही. काही रेकॉर्डिंगांत शेवटी प्लूटो ऐकू येतो, तो ब्रिटिश संगीतकार कॉलिन मॅथ्यूज यांनी २००० साली जोडलेला.

मात्र ज्योतिषाचा संबंध फार ताणू नका: पत्रिकेतले रवी आणि चंद्र होल्स्टने घेतलेच नाहीत.