कान तुटलेला कप

प्रिय लेकरा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तरुण संघाने वाघोलीच्या बांधकाम मजुरांना ब्लँकेटं वाटली, छान झालं. मी अडकले ते तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर. पत्र्याच्या खोलीतल्या एका बाईने तुमच्यासाठी चहा टाकला आणि तुम्ही 'आत्ताच झाला' म्हणून निघालात. खरंच झाला होता?

1890 मध्ये पुण्यातल्या आपल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली आणि पुढ्यात चहा आला. त्या चहावरून पुण्यात एवढा गदारोळ उठला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आपल्यात ही गोष्ट हसत हसत सांगतात. तेव्हा विटाळ आपल्या कपाचा होता ना!

योहानाचा चौथा अध्याय काढ. भर दुपारी येशू दमून विहिरीवर बसलाय, जवळ पोहरासुद्धा नाही. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, आणि हा पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. आधी मागतो, द्यायचं नंतर. ती चमकते ती त्यामुळेच. पुढे त्याच गावात तो दोन दिवस राहिला. जेवला काय उपाशी असेल? ब्लँकेट देताना आपला हात वर असतो. चहा घेताना तो खाली येतो, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही अडलं. कर्नेल्या या विदेश्याच्या, म्हणजे यहूदी नसलेल्याच्या, घरी जाऊन आलेला माणूस, पण अंत्युखियात यरुशलेमची मंडळी आल्यावर विदेश्यांच्या पंगतीतून हळूच बाजूला झाला. पौलाने तोंडावर सुनावलं त्याला.

मला कुणी सुनावलं नाही. कामाच्या मावशींसाठी माझ्या स्वयंपाकघरात कान तुटलेला कप वेगळा होता, खिडकीत, उपडा. भिंतीवर वचनं, खिडकीत कप. आईकडेही असाच असायचा. घराण्याचा बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी कप आला बरोबर. एकदा नातवाने त्यातच दूध मागितलं. मी नको म्हटलं, आणि 'का?' याचं उत्तर काही देता येईना. फोडला नाही मी तो. आता त्यातून मीच चहा घेते. बोटांना चटका बसतो.

वाघोलीला पुन्हा जा, पण या खेपेला काही वाटायला नेऊ नकोस. साखर जास्त असेल, पी मुकाट्याने. आणि तिच्या गावाचं नाव विचार. पत्रात तू नुसतं 'बिहारी बाई' लिहिलंयस.

तुझी,
मावशी