गिटार नुसत्या कानाने लावायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही फोंड्याला राहता, देवळातल्या भजनात पेटी वाजवता आणि अलीकडे गिटार शिकायला लागलात. मोबाइलवरच्या ट्यूनरने ती नीट लागते. सर म्हणतात कानाने लावा, पण पाचव्या फ्रेटची (मानेवरच्या आडव्या पट्टीची) रीत करून पाहिली की शेवटी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले स्वर, बेसूरच येतो. मग आपला कान कच्चा आहे का?

अजिबात नाही. भजनात कोणाचा सूर घसरला तर तुम्हाला तो खटकतोच ना? तोच कान इथे लागतो. फक्त एका तारेवर हाच तयार कान तुम्हाला फसवत असणार, असा माझा अंदाज आहे. त्याकडे येतोच.

आधी गिटारच्या तारा पेटीच्या भाषेत बघा. वरच्या जाड तारेपासून खाली येताना पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. म्हणजे ई, ए, डी, जी, बी, ई. वरची जाड तार सहावी आणि सगळ्यात खालची बारीक तार पहिली. आता प्रत्येक तारेला सा धरा आणि पुढची तार गुणगुणा. सहावीवरून पाचवी हा म, पाचवीवरून चौथी म, चौथीवरून तिसरी म. तिसरीवरून दुसरी मात्र ग, आणि दुसरीवरून पहिली पुन्हा म. पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची मोकळी तार जुळवायची ती यासाठीच, आणि दुसऱ्या तारेसाठी तिसरीच्या चौथ्या फ्रेटवर जायचं तेही यासाठीच. एकदा हे सा-म, सा-म गळ्यातून म्हणता आलं की फ्रेटची रीत वेगळी पाठ करावी लागत नाही. किल्लीला हात लावण्याआधी तो स्वर तोंडाने म्हणाच. गळ्यात आलेला स्वर कानाला फार लवकर सापडतो.

सुरुवातीला सहाच्या सहा तारा कानाने लावायला बसू नका. ट्यूनरने गिटार पूर्ण लावा, मग एकच तार थोडी उतरवा आणि तेवढीच परत आणा. पाचवी तार घेऊन बघा. सहावीचा पाचवा फ्रेट दाबा, पाचवी मोकळी ठेवा आणि दोन्ही एकदम हलकेच छेडा. सूर जवळ आले पण मिळाले नाहीत, तर आवाजात हेलकावे ऐकू येतील, वाँव-वाँव असे. ती तुमच्या कानाची शंका नाही, हवेतच तसं घडत असतं. एक तार सेकंदाला ११० वेळा आणि दुसरी ११२ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला बरोबर दोन हेलकावे येतात. किल्ली फिरवताना ते संथ होत गेले तर दिशा बरोबर, जलद झाले तर उलटी. पूर्ण थांबले की तार लागली. माझ्या मते कानाने लावण्याचं निम्मं शिक्षण हे हेलकावे ऐकण्यात आहे. पुस्तकांत ते एका ओळीत उरकलेलं असतं याचं मला वाईट वाटतं, कारण 'सूर वर आहे की खाली' हे न कळणाऱ्या माणसालाही हेलकावे ऐकू येतात.

छेडताना जोर लावू नका. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी थोडी चढी बोलते आणि मग खाली स्थिरावते, म्हणून आघातानंतरचा लांबणारा आवाज ऐका. फ्रेटवरचं बोटही हलकं ठेवा, कारण दाबून धरलं की तार ताणली जाऊन स्वर चढतो. आणि सूर नेहमी खालून वर आणा. तार चढी झाली असेल तर आधी हव्या त्या सुराच्या खाली उतरवा आणि मग चढवत या. वरून उतरवून थांबलात तर किल्लीच्या दात्यांतली ढील शिल्लक राहते आणि वाजवता वाजवता तार उतरते.

आता ती फसवी दुसरी तार. भजनात, तंबोऱ्यावर गाऊन तयार झालेल्या कानाला गंधार गोड हवा असतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. तिसरी तार सेकंदाला १९६ कंपनांवर असेल तर हा गंधार २४५ वर येतो. गिटारच्या फ्रेटची मांडणी मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून केलेली असते, आणि त्या हिशेबात दुसरी तार २४७ च्या आसपास हवी. तुम्ही तिसरी आणि दुसरी मोकळी छेडून गंधार गोड करत गेलात, तर दुसरी तार उतरी लागते. मग तिच्यावरून लावलेली पहिली तार ३३० च्या ऐवजी ३२७ च्या जवळ राहते आणि सहावीशी तिचं जमत नाही. तिसरी-दुसरी मोकळ्या सुंदर वाजतात, ई कॉर्ड रडतो. म्हणून या एका जागी गोडव्यावर जाऊ नका. तिसरीचा चौथा फ्रेट आणि मोकळी दुसरी यांचे हेलकावे थांबवा आणि तिथेच सोडा. पेटीचा गंधारही असाच किंचित चढा असतो. तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवून एकदा लक्ष देऊन ऐका, फरक कळेल.

दुसरी एक अडचण रीतीतच आहे. एका तारेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं गेलं की प्रत्येक ठिकाणची बारीक चूक पुढे साठत जाते. म्हणून शेवटी सहावी आणि पहिली मोकळ्या छेडून बघा. दोन्ही पांढरी तीनच, मध्ये दोन सप्तकांचं अंतर. चौथीचा दुसरा फ्रेटही तोच स्वर देतो. तिन्ही एकमेकांत विरघळले पाहिजेत. नाही विरघळले तर पुन्हा एक फेरी करा. एक तार ताणली की मानेवरचा ताण बदलून बाकीच्या तारा जरा सरकतात, त्यामुळे दुसरी फेरी जवळजवळ नेहमीच लागते.

पहिला स्वर मात्र बाहेरून घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पेटीवरची पांढरी सहा दाबा आणि पाचवी तार तिच्याशी मिळवा, सप्तक वेगळं असलं तरी चालेल. पेटीचा सूर प्रमाणित ४४० पासून थोडा हलला असला तरी हरकत नाही, भजनात तुम्हाला त्याच पेटीबरोबर वाजवायचं आहे. पहिली तार चढवताना तेवढी सावधगिरी ठेवा. सप्तकाचा घोळ होऊन ती भलतीच वर गेली तर तुटते.

हे सगळं करूनही जमलं नाही तर कानाआधी तारा तपासा. आपल्याकडची खारी, दमट हवा स्टीलच्या तारांना फार लवकर गंज आणते, आणि गंजलेल्या तारेवर कोणाच्याही कानाला सूर सापडत नाही. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसा. जूनमध्ये पाऊस धरला की लाकूड ओल पिऊन फुगतं आणि रोजच गिटार लावावी लागते. पावसाळ्यात ती पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, त्या हाताने हळूच ओढून बसवाव्या लागतात. किल्ली फिरवूनही सूर हलत नसेल आणि मग एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं टोक फिरवा.

शेवटची तपासणी बाराव्या फ्रेटवर करा. तिथे तारेला बोट नुसतं टेकवून छेडल्यावर येणारा घंटेसारखा स्वर आणि तोच फ्रेट दाबून येणारा स्वर एकच यायला हवा. नव्या तारा घालूनही त्यात फरक राहिला तर गिटार दुरुस्तीवाल्याला दाखवा, ती तुमच्या कानाने सुधारणार नाही.