सोलापूरच्या उन्हात गाडीतल्या स्क्रीनला फोन वायरलेस जोडावा की वायरने?

तुमची गाडी २०१६ ची, तिच्यात बाहेरून स्क्रीन बसवायचाय, आणि दुकानदार वायरलेस अँड्रॉइड ऑटोचे (म्हणजे फोनवरचा नकाशा, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, तीही वायरशिवाय) जास्तीचे पैसे मागतोय, ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. सोलापुरात राहता ना? मग वायर. याच गोष्टीवरून माझ्या घरात दोन वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सँपल घेऊन महिन्यातून दोन-तीनदा लांब जाणं होतं. गाडीत कंपनीचाच स्क्रीन आहे, वायरने फोन जोडायचा. चार वर्षं एका शब्दाची तक्रार नव्हती. पण आमच्या बावांना ती वायर खुपायची. (आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतो.) त्यांच्या नव्या गाडीत सगळं वायरलेस. माझ्या गाडीत बसले की सुरू, "एवढी गाडी घेतलीस आणि गिअरपाशी वायर लोंबकळतेय, चांगलं दिसतं का?" भाच्याचा साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी स्वतःच वायरलेसचा डोंगल (वायरवाल्या स्क्रीनला वायरलेस करणारी छोटी डबी) आणला, माझ्या गाडीत लावला, आणि पुढच्या काचेखाली वायरलेस चार्जिंगचं स्टँडही चिकटवून दिलं. थोरल्या माणसाने हौसेने आणलेलं, नाही कसं म्हणणार?

मुलीकडचे हैदराबादचे, कोंपल्लीला राहणारे. मे महिना. बावा पाहुण्यांना घेऊन पहाटेच पुढे गेले. माझ्या गाडीत अक्का, भाचा आणि मुलीला द्यायची साडी, दागिने, फळांची ताटं. मुहूर्त साडेबाराचा. उमरग्याला इडली खाल्ली, जहीराबाद गेलं, सगळं वेळेत. मुत्तंगीला आउटर रिंग रोडवर चढलो तेव्हा पावणेबारा झाले होते. डोक्यावर ऊन, फोन काचेखाली, पाच तास एकसारखा चाललेला. मेडचलला उतरायचं होतं. त्याच्या अलीकडे स्क्रीनवरचा नकाशा गेला आणि रेडिओचं पान आलं. फोनकडे बघितलं तर तापमान वाढल्याची सूचना, चार्जिंग बंद, उजेड एवढा कमी की उन्हात काही दिसेना. रिंग रोडवर मध्येच थांबता येत नाही. भाच्याने आपल्या फोनवर नकाशा काढेपर्यंत मेडचलचा रस्ता मागे पडला. तिथे एक उतार चुकला की पुढचा येईपर्यंत जावंच लागतं, त्यामुळे थेट शामीरपेट. परत फिरून पोचायला एक वाजून दहा मिनिटं.

मुहूर्त टळला. पंतुलूंनी, म्हणजे भटजींनी, अडीचचा काढून दिला, साखरपुडा नीट झाला. पण व्याह्यांसमोर, भर मांडवात बावा म्हणाले, "फोन स्वस्तातला आणि चालवणारा बेसावध." अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी, तुळजापूरच्या घाटात रात्री-बेरात्री. तो शब्द मला आजही विसरता येत नाही.

परत आल्यावर मी सरळ तपासून बघितलं. त्याच महिन्यात एका रविवारी दुपारी एक वाजता डोंगल आणि स्टँड लावून अक्कलकोटला गेलो. वळसंगच्या पुढे फोनने पुन्हा चार्जिंग थांबवलं. पुढच्या रविवारी तीच वेळ, तोच रस्ता, तोच फोन. फक्त वायर लावली आणि फोन काचेखालून काढून गिअरपुढच्या खोबणीत ठेवला. कोमट झाला, पण नकाशा एकदाही गेला नाही. मग फोन स्वस्तातला कसा?

कारण साधं आहे. अँड्रॉइड ऑटोत गाडीच्या स्क्रीनला स्वतःचं डोकं नसतं. नकाशा फोन काढतो, गाणं फोन वाजवतो, आणि त्याचं चित्र व्हिडिओसारखं गाडीकडे पाठवत राहतो. तुम्ही बोट लावलं की तेवढी खबर फोनकडे परत जाते. आयफोनच्या कारप्लेचंही तसंच. वायरलेसमध्ये ब्लूटूथने फक्त ओळख पटते, चित्र जातं वायफायवरून. म्हणजे वायफाय, जीपीएस, मोबाइल डेटा सगळं एकदम चालू. त्यात वायरलेस चार्जिंग म्हणजे पाठीला शेक, कारण त्यात वाया जाणारी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. आयफोनच्या माहितीपत्रकात ० ते ३५ अंशांत वापरा असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२ असतात, काचेखाली किती होत असतील? बावांना हे सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर, "माझ्या गाडीत कधी झालं नाही." त्यांची गाडी जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढीच फिरते, वीस मिनिटांत फोन तापणार कधी?

आता तुमच्या स्क्रीनचं. दुकानात 'अँड्रॉइड स्टिरिओ' आणि 'अँड्रॉइड ऑटो' एकच म्हणून विकतात. ते एक नाही. स्टिरिओ म्हणजे स्क्रीनमध्येच बसवलेला टॅबलेट, त्याला नेट बहुतेकदा फोनच्या हॉटस्पॉटवरून द्यावं लागतं. त्यात अँड्रॉइड ऑटो असेलच असं नाही, तेव्हा स्वतःचा फोन जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडणारा प्लग) मागा. पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू. लाल चावीवर चालणारी. घाईत दोन्ही एकत्र जोडून टाकणारे आहेत, मग चावी काढली तरी स्क्रीन बॅटरी खातो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. रिव्हर्स कॅमेरा त्याच वेळी बसवून घ्या, नाहीतर डॅशबोर्ड दोनदा उघडला जातो.

वायरलेस मुळातच वाईट आहे असं मी म्हणत नाही. थंडीत, गावातल्या गावात, फोन सावलीत असेल तर छान चालतं. त्यासाठी फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा आणि ५ गिगाहर्ट्झ वायफायवाला लागतो, तेवढं बघून घ्या. आणि खरं सांगायचं तर वायरनेही फोन उन्हात ठेवलात तर तो तापणारच. माझ्या दुसऱ्या रविवारी फोन सावलीत होता, हे बावांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यांच्या स्टँडवर तो सावलीत राहतच नव्हता, हे त्यांनीही मानावं.

राहिली केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यावर फोन चार्ज होईल पण स्क्रीनवर काहीच येणार नाही. लोक इथेच फसतात आणि स्टिरिओला शिव्या देतात. केबल एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका. दुकानाबाहेर गाडी उभी करा, फोन लावा, स्क्रीनवर नकाशा येऊ द्या, केबल थोडी हलवून बघा. तरीही नकाशा टिकला तर पैसे द्या.