पऱ्हाटी कांडीकोळशाला देताना

प्रश्न : आठ एकर कोरडवाहू कपाशी आहे, शेवटचा वेचा झाला. पऱ्हाटी (कपाशीची उरलेली वाळकी झाडे) जाळण्यापेक्षा कांडीकोळशाच्या, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्या, कारखान्याला द्यावी असा विचार आहे. किती निघेल, कशी द्यावी? धुऱ्यावर गंजी लावून उन्हाळ्यात विकली तर चालेल का? गोबरगॅसमध्ये घालता येईल का? (एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आधी गंजीचे. ती लावूच नका. न फुटलेल्या बोंडांत आणि कवड्यांत (किडक्या, अर्धवट फुटलेल्या बोंडांत) गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच गंजीतून पतंग निघतात आणि तुमच्याच नव्या कपाशीवर अंडी घालतात. उन्हाळ्यात भाव चढला तरी तो पैसा पुढे फवारणीत जातो. फरदडही (वेचा संपल्यावर तीच कपाशी पुढे राखणे) नको. वेचा संपताच शेतात शेळ्यामेंढ्या सोडा, उरलेली बोंडे त्या खातात. मग जानेवारी संपण्याच्या आत पऱ्हाटी उपटून जागेवरच कुट्टी (यंत्राने बारीक तुकडे) करून घ्या. कुट्टीत बोंडे चिरडली जातात, अळीही मरते.

एकरी वाळलेला माल साधारण 10 ते 12 क्विंटल धरा, म्हणजे तुमच्याकडे 80 ते 96 क्विंटल. पऱ्हाटी चिमट्याने उपटली की मुळांची माती तिथल्या तिथे झटका. माती राहिली तर राख वाढते, कांडी पाडणारी डाय लवकर झिजते आणि बॉयलरच्या जाळीवर राखेचे खडे धरतात. असा माल कारखाना परत पाठवतो. झाडावर राहिलेला कापूस, सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे पात्याभोवती गुंडाळून यंत्र बंद पाडतात. तेही वेचून काढा.

कांडीसाठी कुट्टीत 8 ते 12 टक्के ओल लागते. दाबाच्या उष्णतेने लाकडातले लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) मऊ होते आणि तेच भुसा चिकटवते, वेगळा डिंक लागत नाही. ओल जास्त असली की आत वाफ धरते आणि कांडी बाहेर पडताना फुटते. फार कोरडा माल नीट बांधला जात नाही. ताजी कुट्टी ढिगात ठेवली तर आतून तापते, बुरशी धरते. ताडपत्रीवर वीतभरापेक्षा कमी थर पसरा आणि रोज खालीवर करा.

सौदा ठरवताना ओल किती धरली ते आधी विचारा. 30 टक्के ओलीची 100 क्विंटल कुट्टी 12 टक्क्यांवर वाळली की साडेएकोणऐंशी क्विंटलच भरते. म्हणून ओल्या मालाचा दर आणि वाळल्या मालाचा दर सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका. वाहतुकीचेही बघा : अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत जागा फार घेते आणि वजन भरत नाही. कुट्टीयंत्र शेतात येणार असेल तरच सौदा करा.

बरड, हलकी जमीन असेल तर सगळी पऱ्हाटी विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. निम्मी बारीक कुट्टी शेणकाल्यासोबत कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. कुट्टी कच्चीच मातीत गाडली तर ती कुजताना जीवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते.

गोबरगॅसमध्ये पऱ्हाटी घालू नका. लाकूड त्या टाकीत कुजत नाही, तरंगून वर साय धरते आणि गॅसची वाट अडवते. तिथे शेणच घाला, सोबत थोडा हिरवा ओला चारा किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा बारीक करून चालेल.